डावीकडचं पान

आमच्या घरात ‘जर्नल’ म्हटलं की एकच वस्तू डोळ्यांपुढे येते. जाड पुठ्ठ्याची, खाकी कव्हर घातलेली प्रॅक्टिकलची वही. उजवीकडची पानं रेघांची, त्यांवर पेनानं हेतू, साहित्य, कृती, अनुमान. डावीकडची कोरी, त्यांवर पेन्सिलीनं आकृती आणि रीडिंगचा तक्ता. पहिल्या पानावर सर्टिफिकेट, त्याखाली मॅडमची सही आणि शिक्का. ती सही नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. मी केमिस्ट्री घेऊन तिसऱ्या वर्षाला आहे. त्यामुळे ही वही गेली काही वर्षं कायम माझ्या पिशवीत असते आणि गेल्या उन्हाळ्यापर्यंत तिच्याबद्दल माझं एवढंच मत होतं, की ती वेळेवर पूर्ण करायची असते.

पूर्ण करायची म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. सबमिशनच्या आदल्या रात्री तिघीचौघी एका खोलीत बसतात, एकीची वही मध्ये उघडी असते. उत्तर आधी ठरतं. मग त्या उत्तराला शोभतील अशी रीडिंग उलट्या बाजूनं काढली जातात. याला आम्ही ‘रीडिंग जुळवणं’ म्हणतो. याला कुणी खोटेपणा म्हणत नाही. मीही म्हटलं नव्हतं.

गेल्या मार्चमध्ये प्रॅक्टिकलच्या परीक्षेत माझ्या चिठ्ठीत टायट्रेशन आलं, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबानं सोडून किती लागलं ते मोजायचं. ब्युरेटमध्ये, म्हणजे आकडे कोरलेल्या उभ्या काचेच्या नळीत, जांभळं पोटॅशियम परमँगनेट, खाली फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक आम्ल आणि त्यात विरळ सल्फ्युरिक आम्ल. फ्लास्क आधी ६०-७० अंशांपर्यंत तापवायचा, म्हणजे नुसत्या हातात जेमतेम धरवेल इतका. मग वरून परमँगनेट सोडायचं. या प्रयोगात रंग बदलून शेवट दाखवणारा वेगळा दर्शक लागत नाही, कारण परमँगनेट स्वतःच रंगीत आहे. खाली पडलेला थेंब रंग गमावतो, पुढचाही गमावतो आणि शेवटी असा एक थेंब येतो की फिकट गुलाबी छटा राहते, जात नाही. तिथे थांबायचं. ब्युरेटमधला द्रव इतका गडद असतो की त्याची खालची वक्र कडा दिसत नाही, म्हणून रीडिंग वरच्या कडेवर घ्यायचं आणि डोळा बरोबर तिच्या पातळीत ठेवायचा.

या प्रयोगातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे पहिला थेंब. तो रंग सोडायला वेळ लावतो. फ्लास्क हलवत उभं राहावं लागतं आणि वाटतं, काही चुकलं की काय. मग अचानक रंग जातो. दुसरा थेंब लवकर जातो, तिसरा त्याहून लवकर, आणि नंतर तर धार सोडली तरी खाली काही दिसत नाही. कारण या अभिक्रियेत जे मँगनीजचे आयन तयार होतात, तेच तिचा वेग वाढवतात. सुरुवातीला ते नसतातच. थोडं घडावं लागतं, मग घडलेलंच पुढच्याला ओढतं. हे मला तेव्हा पाठ होतं, कळलेलं नव्हतं.

त्या दिवशी मी पहिल्या थेंबापाशी थांबले नाही. घड्याळाकडे बघितलं आणि नळी सोडली. फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा आला. तो मँगनीज डायऑक्साइडचा. म्हणजे आम्ल कमी पडलं, किंवा फ्लास्क गार झाला, किंवा घाई झाली. तो फ्लास्क ओतून देऊन पुन्हा सुरुवात करायला हवी होती. मी तसंच पुढे रेटलं. तीन रीडिंग आली: ९.८, १०.४, १०.१. तक्त्यात मी लिहिलं १०.१, १०.१, १०.१.

तोंडी परीक्षेला बसलेल्या मॅडमनी तक्ता पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांनी विचारलं, “तपकिरी आलं होतं का कुठे?”

मी म्हणाले, “नाही, मॅडम.”

त्यांनी सही केली. मार्क चांगले पडले. घरी जाताना मी बडोद्याच्या सूरसागर तलावाच्या पाळीवर बराच वेळ बसून होते. पकडले गेले नाही याचा आनंद होत नव्हता आणि पकडले जाण्याची भीतीही आता उरलेली नव्हती. फक्त एकच वाक्य सारखं डोक्यात येत होतं: मला विचारलं होतं. मॅडमनी मला खरं सांगायची जागा करून दिली होती आणि मी ती बंद केली होती.

मी नववीपासून डायरी लिहिते. कुलूप असलेली, कपाटात साड्यांच्या खाली ठेवलेली. त्या रात्री मी ती काढली, कारण निदान तिथे तरी खरं लिहू असं वाटलं. लिहायच्या आधी सहज मागची पानं चाळली आणि हात थांबला. दहावीतलं मैत्रिणीशी झालेलं भांडण होतं. त्यात तिनं काय केलं ते दोन पानं होतं, मी तिला आधी काय म्हणाले होते त्याचा शब्दही नव्हता. मला तो शब्द अजून आठवतो. बारावीत एका पेपरच्या आधीचे तीन दिवस वाया घालवले होते. डायरीत लिहिलं होतं, ‘तब्येत ठीक नव्हती.’ तब्येत उत्तम होती. कुणीही वाचणार नाही अशा वहीत, कुणाला फसवायची गरज नसताना, मी पाच वर्षं रीडिंग जुळवत आले होते. माझी एकुलती एक परीक्षक मीच होते आणि माझ्याइतकी दयाळू परीक्षक मला कुठेही मिळाली नसती.

बाबांना हे सांगितलं ते मे महिन्यात, गच्चीवर, उकाड्यानं झोप येत नव्हती तेव्हा. बाबा नंदेसरीला एका केमिकल कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहेत. गेज, ट्रान्समीटर, व्हॉल्व्ह यांचं कॅलिब्रेशन करतात. ते रागावतील अशी तयारी ठेवून मी बोलले. ते रागावले नाहीत. बराच वेळ गप्प राहिले आणि मग लॉगबुकाबद्दल बोलायला लागले.

त्यांच्याकडे दर तासाला ऑपरेटरनं गेजपाशी जाऊन आकडा पाहायचा आणि लॉगबुकात लिहायचा असा नियम आहे. शिफ्ट बदलताना दोघांनी सह्या करायच्या. एकदा रात्रपाळीत एका ठिकाणी सलग चार तास एकच आकडा लिहिलेला बाबांनी पाहिला. लिहिणारा प्रत्यक्ष जाऊन पाहून आला होता, त्यानं काही बनवलेलं नव्हतं. काटा अडकला होता. पण बाबांना संशय आला तो आकड्याच्या शहाणपणामुळे. “खरं यंत्र इतकं गुणी नसतं गं,” ते म्हणाले. “थोडं वर-खाली होतंच. तीनदा तोच आकडा आला ना, तर आधी काचेवर टिचकी मारायची.”

मी माझे तीन १०.१ आठवत आडवी पडून राहिले.

जून महिना मी मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत काढला. घरी पंख्याखाली बसण्यापेक्षा तिथे गार वाटतं, हे खरं कारण. लहानपणी आजी मला तिथे नेऊन वरची जमीन दाखवायची. पुस्तकांच्या रॅकांच्या मधली जमीन काचेची आहे. वरच्या मजल्यावरचा उजेड खालच्या मजल्यावर उतरावा म्हणून तशी केली आहे. खालून पाहिलं की वर चालणाऱ्या माणसाच्या पावलांची सावली दिसते. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून बडोदे संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांची घडी बसवली आणि राजवाड्यातला स्वतःचा ग्रंथसंग्रह या लायब्ररीला दिला. खेड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरायच्या. आजीच्या तोंडी ही गोष्ट इतक्यांदा ऐकलीय की मला ती कथेसारखी वाटायची. या जूनमध्ये काचेखाली बसून पहिल्यांदा असा विचार आला, की एका माणसानं स्वतःच्या कपाटातलं चारचौघांच्या हातात दिलं आणि त्यामुळे मी आत्ता इथे बसलेय.

तिथेच मी शास्त्रज्ञांच्या वह्यांबद्दल वाचत सुटले. चार्ल्स डार्विनचा एक नियम होता. आपल्या मताच्या विरुद्ध जाणारी गोष्ट दिसली की ती तत्काळ लिहून ठेवायची, कारण असल्या गोष्टी सोयीच्या गोष्टींपेक्षा लवकर विसरल्या जातात, हे त्याच्या लक्षात आलं होतं. मायकेल फॅरेडे आपल्या रोजनिशीतल्या परिच्छेदांना क्रमांक घालायचा आणि ते आकडे वर्षानुवर्षं सलग पुढे चालू ठेवायचा. मार्च १८६२ मध्ये त्यानं शेवटचा प्रयोग केला. ज्योतीतून येणाऱ्या प्रकाशाच्या रेषांवर चुंबकाचा काही परिणाम होतो का, हे तो पाहत होता. काहीही दिसलं नाही. तेव्हा तो सत्तरीत होता, आणि काही दिसलं नाही असं त्यानं स्वच्छ लिहून ठेवलं. पुढे पीटर झेमाननं फॅरेडेच्या या प्रयत्नाबद्दल वाचलं. फॅरेडेसारख्या माणसाला करून बघावंसं वाटलं असेल तर अधिक चांगल्या उपकरणांनी पुन्हा करण्याजोगं आहे, असं त्याला वाटलं. १८९६ मध्ये झेमानला तो परिणाम सापडला आणि १९०२ चं नोबेल मिळालं. फॅरेडेनं ते पान फाडलं असतं, किंवा कुलपात ठेवलं असतं, तर?

आणि याच्या उलटही आहे, ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. रॉबर्ट मिलिकननं तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजला. १९१३ च्या निबंधात त्यानं ५८ थेंबांची रीडिंग दिली आणि हे निवडलेले थेंब नाहीत, सलग साठ दिवसांत प्रयोग केलेले सगळे आहेत असं लिहिलं. त्याच्या वह्यांत मात्र त्याहून कितीतरी जास्त थेंब आहेत. त्यानं काही थेंब गाळले होते, त्यांपैकी अनेकांना सबळ कारणंही होती. पण ‘सगळे’ हा शब्द खरा नव्हता. तरीही त्याचं उत्तर जवळजवळ बरोबर आलं आणि १९२३ मध्ये त्याला नोबेल मिळालं. हे वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. वाटायचं, मग माझ्या १०.१ चं काय एवढं? उत्तर बरोबर आलं तर रीडिंगचा हिशेब कोण विचारतो?

याचं उत्तर मला पुस्तकात सापडलं नाही. ते मी माझ्या डायरीतून काढलं. मिलिकनला त्याचा भार कळला. मला माझं काहीच कळलं नव्हतं. पाच वर्षं लिहूनही, मी मैत्री का तोडते, अभ्यास कुठे अडतो, यांपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर त्या कुलपाच्या वहीत नव्हतं. जुळवलेल्या रीडिंगवरून फक्त आधी ठरवलेलं उत्तर मिळतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी रावपुऱ्यातल्या स्टेशनरीच्या दुकानातून एक जर्नल आणलं. प्रॅक्टिकलचंच, एक बाजू कोरी, एक रेघांची. आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्यात चार बिऱ्हाडं आहेत. जिना जिथे वळतो तिथे भिंतीत एक कोनाडा आहे. पूर्वी तिथे कंदील ठेवत, आता विजेची बिलं आणि पेपर पडलेले असतात. तिथे मी ते ठेवलं, दोरीला पेन बांधून. पहिल्या पानावर लिहिलं: ही माझी वही आहे. कुणीही वाचावी. चूक दिसली तर डावीकडच्या पानावर लिहावी.

नियम मी प्रयोगशाळेतलेच घेतले. पान फाडायचं नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. डावीकडे रोज फक्त निरीक्षण. उजवीकडे अनुमान, पण ते रविवारीच. हा शेवटचा नियम माझा स्वतःचा आहे आणि तो पाळायला सगळ्यात जड गेला. पहिल्या दिवशीची नोंद अशी आहे: ‘७:४० ला उठले. पुस्तक उघडं ५० मिनिटं, त्यातली २० फोनवर. आईशी उलट बोलले.’ पुढे ‘कारण’ असं लिहून पेन थांबवलं. कारण हे अनुमान. ते रविवारी.

आईला हे अजिबात पटलं नाही. पहिल्याच संध्याकाळी ती वही घेऊन वर आली. म्हणाली, “झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तुला ठाऊक नाही? आईशी उलट बोलले हे खालच्या मासींनी जिन्यात उभं राहून वाचायचं?”

मी म्हणाले, “मासींना ते तेव्हाच ऐकू आलं होतं गं.”

ती आणखी चिडली. पण वही तिनं परत कोनाड्यात नेऊन ठेवली.

सुरुवातीचे दिवस हळू गेले. रोज दोन ओळी, त्याही जिन्यात कुणी नाही असं बघून लिहायच्या. मग खालच्या मासींनी एकदा गुजरातीत लिहिलं, ‘बेटा, जमी के नहीं?’ त्या दिवशी मी कॉलेजमधून आल्यावर जेवले नाही अशी नोंद होती. पलीकडचे आजोबा पेपर घ्यायला आले की वही वाचून मग वर बघायचे आणि मान हलवायचे. आणि इथेच नवी गडबड सुरू झाली. मला ती मान आवडायला लागली. ऑगस्टमध्ये माझ्या नोंदी बघाल तर मी भलतीच शहाणी मुलगी दिसेन. ६:०० ला उठले. ५:३० ला उठले. ‘पहाटे ५:००, गच्चीवर वाचन.’

दुसऱ्या दिवशी त्या नोंदीशेजारी लाल पेन्सिलीनं, शाळेतल्या फळ्यावर असतं तसल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘दूधवाला आला तेव्हा तू झोपलेली होतीस. ५:२५.’

आजीनं सदतीस वर्षं वह्या तपासल्या आहेत. तिनं मला याबद्दल तोंडानं एक शब्दही विचारला नाही. मी जिन्यात उभी राहून ‘५:००’ वर आडवी रेघ मारली आणि शेजारी ‘५:२५ नंतर’ लिहिलं. वहीतली ती पहिली रेघ. मग मागे जाऊन आणखी चार ठिकाणी मारल्या, आजीनं न सांगता. कुलपाच्या डायरीत हे कधीच झालं नसतं. पण उघडी ठेवल्यानं वही आपोआप खरी होते असंही नाही, हे मला त्या आठवड्यात कळलं. चार माणसं वाचतात म्हटल्यावर जुळवायचा मोह दुप्पट होतो. फरक एवढाच, की त्या चारांतलं एखादं माणूस दूधवाल्याच्या वेळी जागं असतं.

त्यानंतरचे दोन महिने मला खरे वाटतात. नवरात्रातल्या नोंदी गरबा आणि झोपेच्या आहेत, त्या सोडून देते. सांगण्यासारखं आहे ते मंगळवारचं.

मी आळशी आहे, हे माझ्याबद्दलचं माझं सगळ्यात जुनं मत. घरातही तेच मत. दसऱ्यानंतरच्या एका रविवारी उजवीकडचं पान लिहायला बसले आणि त्याआधी डावीकडची सगळी पानं एका तक्त्यात उतरवली: वार, अभ्यासाची मिनिटं, जेवण, झोप. आळस असता तर तो सगळ्या वारांवर सारखा पसरला असता. तसा नव्हता. सोमवार रात्र आणि मंगळवार इथे खड्डा होता. बाकीच्या दिवशी मी दोन-अडीच तास बसत होते, मंगळवारी पंधरा मिनिटं, कधी शून्य. आणि मंगळवारी दुपारी दोन ते पाच प्रॅक्टिकल असतं. प्रॅक्टिकलमध्ये मॅडम टेबलापाशी येऊन प्रश्न विचारतात.

मी उजवीकडे लिहिलं: ‘आळस नाही. भीती.’ मग बराच वेळ त्या दोन शब्दांकडे बघत बसले. मार्चमधलं ते ‘नाही, मॅडम’ अजून माझ्याबरोबर प्रयोगशाळेत येत होतं. पुढच्या सोमवारी रात्री मी डावीकडे लिहिलं: ‘उद्याच्या प्रयोगातलं मला न कळलेलं:’ आणि खाली तीन ओळी. मंगळवारी मॅडम टेबलापाशी आल्या तेव्हा त्यांनी विचारायच्या आधी मीच पहिली ओळ विचारली. आवाज कापत होता. त्यांनी स्टूल ओढलं आणि बसल्या.

आता मी केलेली चूक सांगते. ती या वहीतली सगळ्यात मोठी आहे.

नोव्हेंबरमध्ये एका रात्री बाबा उशिरा आले. कारखान्यातला एक विभाग बंद होणार अशी बोलणी चालली होती, ते आईला हळू आवाजात सांगत होते. मला झोप लागली नाही. सकाळी मी लिहिलं, अगदी नियमानं, निरीक्षण म्हणून: ‘बाबा ११:५० ला आले. त्यांचा विभाग बंद होणार आहे. जेवले नाहीत.’ कॉलेजला गेले. संध्याकाळी परत येईपर्यंत वाड्यातल्या दोघांनी बाबांना जिन्यात थांबवून चौकशी केली होती. चांगल्या मनानंच केली होती. एकानं ओळखीच्या ठिकाणी शब्द टाकू असंही सांगितलं होतं. बाबा तसे सगळ्यांशी बोलणारे, पण त्या दिवशी ते वर येऊन गॅलरीतल्या खुर्चीवर बसून राहिले होते.

वहीत, त्या ओळींशेजारी, पेन्सिलीनं बारीक अक्षरात त्यांनी लिहिलं होतं: ‘हे रीडिंग तुझं नाही.’

खरं लिहायचं म्हणजे दिसेल ते सगळं लिहायचं, अशी माझी समजूत झाली होती. रीडिंग खरं होतं: वेळ बरोबर, बातमी बरोबर. पण ते दुसऱ्याच्या गेजवरचं होतं आणि त्या गेजपाशी जाऊन लिहिण्याचा अधिकार मला कुणी दिलेला नव्हता. आई पहिल्या दिवशी मूठ म्हणाली होती ती कुठली, ते मला त्या संध्याकाळी समजलं. माझी मूठ मी कितीही उघडावी. घरातल्या बाकीच्यांच्या मुठी त्यांच्या आहेत.

पान फाडायचं नाही हा नियम मी त्या एकदा मोडला. बाबांना विचारून मोडला. ते म्हणाले, “फाड, पण पान गेल्याची नोंद ठेव.” म्हणून तिथे आता एक कोरा तुकडा चिकटवलेला आहे आणि त्यावर फक्त लिहिलंय: एक पान काढलं, कारण माझं नव्हतं. तारीख. खाली माझी सही आणि त्यांची. बाबांच्या विभागाचं पुढे काय झालं, ते इथेही लिहिणार नाही.

उत्तरायणाला वाडा गच्चीवर असतो. उंधियो, जिलेबी, मांजानं कापलेली बोटं. संध्याकाळी उतरताना खालच्या मासींच्या नातवानं वहीत लिहिलं, ‘७ पतंग कापले.’ दुसऱ्या दिवशी मी पाहिलं तर सातावर एक आडवी रेघ होती, नीट, पट्टीनं मारलेली, आणि शेजारी ४. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी तो चारचा आकडा बघून जिन्यातच थांबले, मला एकदम भरून आलं.

त्याच आठवड्यात मी जुनं जर्नल पिशवीत घातलं. मार्चच्या टायट्रेशनचं पान काढलं, तीन १०.१ वर तीन रेघा मारल्या आणि शेजारी ९.८, १०.४, १०.१ लिहिलं, खाली: ‘दुसऱ्या वेळी तपकिरी गढूळपणा आला होता.’ त्या दिवसाची तारीख घातली आणि मॅडमना जाऊन दाखवलं. मार्क लागून वर्ष होत आलं होतं, त्यात काही बदलणार नव्हतं. मला वाटलं होतं त्या समजावतील, किंवा दुखावल्या जातील. त्यांनी चष्मा लावून आकडे वाचले आणि विचारलं, “यातलं कुठलं रीडिंग टाकून दिलं असतंस?”

मी म्हणाले, “१०.४.”

“का?”

मी सांगायला लागले. आम्ही वीस मिनिटं बोलत होतो. मग त्यांनी नव्या आकड्यांशेजारी लाल पेनानं सही केली आणि तारीख घातली.

परवा सकाळी मी नेहमीप्रमाणे लिहायला कोनाड्यापाशी गेले. पान आधीच उघडं होतं. त्यावर आईचं अक्षर होतं. ती किराण्याच्या यादीत लिहिते तसंच, तिरपं, शेवटची वेलांटी लांब ओढलेली. सात महिन्यांत तिनं वहीला हात लावला होता तो फक्त पहिल्या संध्याकाळी.

‘काल बीपीची गोळी घेतली नाही. परवाही नाही. कुणाला सांगितलं नाही.’

एवढंच. कारण लिहिलेलं नव्हतं. तारीख नव्हती. स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी ऐकू येत होती आणि त्यामागे तिचं गुणगुणणं. माझा हात तारीख घालायला पुढे गेला होता. मी तो मागे घेतला, पेनाला टोपण लावलं नाही, पान उलटलं नाही आणि वर गेले, तिच्याकडे.